रोज चार वाजता ऑफलाइन

आमचा प्रिंटर आईबाबांच्या खोलीतल्या कपाटावर आहे. तो बाबांनीच तिथे ठेवला होता आणि वापरायचेही तेच. सोसायटीला द्यायची पत्रं, आधार कार्डाच्या प्रती, गावाकडच्या जमिनीचे उतारे. मला कागद लागायचा नाही, माझं सगळं फोनवर असतं. मार्चमध्ये बाबांना स्ट्रोक आला. त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि प्रिंटर माझ्याकडे आला.

वाचा गेली म्हणजे पूर्ण गेली असं नाही. एक शब्द राहिला होता, 'आता'. पाणी हवं असलं तरी 'आता'. उशी टोचली तरी 'आता'. राग आला की 'आता, आता, आता', एकापेक्षा एक मोठ्याने. त्यांना वाटायचं की आपण नीट पूर्ण वाक्य बोलतो आहोत. मग ते आमच्या तोंडाकडे बघायचे आणि त्यांना कळायचं. ते कळल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तो बघायला नको म्हणून मी बऱ्याचदा दुसरीकडे बघायचे.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात स्पीच थेरपिस्ट मॅडम यायला लागल्या. दर शनिवारी, तासभर. मी बाजारातून चित्रांची कार्डं आणून ठेवली होती. त्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली.

"सफरचंद, हत्ती, विमान. यांना काय करायचंय विमानाचं?" त्या म्हणाल्या. "यांचा कप, यांची चप्पल, यांची बायको. घरातले फोटो काढा. काल यांनी जे केलं त्याचा फोटो आज समोर पाहिजे. भेंडी निवडली तर भेंडी. रोज नवीन पाच, आणि कागदावर. मोबाइल नको, मोबाइल ते बोटाने सरकवतात आणि विषय संपतो."

जाताना दाराशी चपला घालता घालता त्या मला हळूच म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने वाया जाऊ देऊ नका. नंतर येत नाही असं नाही, पण फार हळू येतं."

आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं.

माझं ऑफिस ऐरोलीला आहे. दुसऱ्या देशातल्या लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे आणि चुका कळवायच्या, असं काम. मॅनेजरने मला घरून काम करायची परवानगी दिली होती. शिफ्ट सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार. साडेचारला हेडफोन काढायचा, फोनमधले पाच फोटो निवडायचे, त्याखाली मोठ्या अक्षरात शब्द टाकायचे, प्रिंट काढून कापायचे आणि पाच वाजता बाबांसमोर बसायचं. पावणेसहापर्यंत त्यांचं लक्ष टिकायचं. सहा वाजले की मान कलायची, मग काहीही दाखवा, ते डोळे मिटून घ्यायचे. म्हणजे माझ्या हातात साडेचार ते पाच हा अर्धा तास होता. तो चुकला की तो दिवस गेला.

पहिले आठ-दहा दिवस नीट गेले. मग प्रिंटर ऑफलाइन जायला लागला.

आधी मी त्याकडे फार लक्ष दिलं नाही. फोनवर 'प्रिंटर ऑफलाइन' असं यायचं, कपाटावर त्याचा निळा दिवा लुकलुकत असायचा. स्टुलावर चढून तो बंद करायचा, थोडं थांबायचं, चालू करायचा. तो कुरकुर करत जागा व्हायचा, कधी लगेच नेट पकडायचा, कधी नाही. नाही पकडलं की फोनमधून त्याचं नाव काढून टाकायचं, परत शोधायचं, परत पासवर्ड टाकायचा. पासवर्ड बाबांनी ठेवलेला, त्यांच्या गावाचं नाव आणि माझं जन्मसाल. ते टाईप करताना पाठीमागे पलंगावर बाबा जागे असायचे. "आता," ते म्हणायचे. काहीतरी सांगायचं असायचं त्यांना. प्रिंटरबद्दलच असेल. या घरातला प्रत्येक प्लग त्यांना माहीत होता.

रबाळ्याच्या एका कारखान्यात बाबा इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते, रिटायर होईपर्यंत. घरात त्यांचा एकच कायदा: खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने स्विच बंद करायचा. फ्रीजच्या स्विचवर मात्र सेलोटेपच्या दोन पट्ट्या, एक आडवी, एक उभी. टेप म्हणजे हात लावायचा नाही. मी वाचायला शिकायच्या आधी हे शिकले होते. शाळेत जाताना, जिना उतरायला लागल्यावर, 'पंखा बंद केला का?' हा प्रश्न वरून यायचा आणि मी परत वर जायचे. कॉलेजात असताना मला या सगळ्याचा वैताग यायचा. मी बोलायचे नाही, दार जरा जोरात लावायचे.

गेल्या वर्षी त्यांनी एकदा मला विचारलं होतं, फोनवरून प्रिंट कशी काढायची. मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बाबा, किती वेळा सांगायचं? तिथे नेट पोचत नाही नीट, म्हणून होत नाही." त्या रविवारी त्यांनी पॅसेजमधल्या बोर्डाच्या सॉकेटला एक छोटा पांढरा डबा लावला, हॉलमधल्या राउटरचा सिग्नल पुढे मागच्या खोलीपर्यंत नेणारा. कुठून तरी माहिती काढून, एकट्याने. मला हाक मारून दाखवलं नाही. चार दिवसांनी मला तो डबा दिसला.

हे सगळं मला स्टुलावर उभं राहून आठवायचं आणि मग पाच वाजलेले असायचे.

एप्रिलच्या मध्यापर्यंत ते रोजचं झालं. सकाळी प्रिंटर चालू असायचा, मी मुद्दाम बघून घ्यायचे. साडेचारला गेलेला. मी यूट्यूबवर व्हिडिओ बघितले. प्रिंटरचं सॉफ्टवेअर नवीन केलं. सगळं पुसून पहिल्यापासून लावलं. प्रिंटर हॉलमध्ये राउटरशेजारी हलवून बघितला, तर बाबांना कपाटावरची रिकामी जागा दिसली आणि त्यांनी इतकं 'आता, आता' केलं की त्यांना ठसका लागला.

"ठेव बाई तो परत वर," आई म्हणाली. "त्यांची वस्तू आहे, त्यांना जागेवर पाहिजे."

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. मी इंग्रजीत विचारत होते, तो हिंदीत उत्तर देत होता.

"मॅम, प्रिंटर को राउटर के पास रखिए."

"वो पॉसिबल नहीं है."

"मॅम, तो राउटर को प्रिंटर के पास रखिए."

आई मागून मराठीत म्हणत होती, "सोड ना आता. उद्या होईल. एक दिवस नाही केलं तर काय होतंय?"

एक दिवस नाही केलं तर काय होतं ते मला मॅडमनी दाराशी चपला घालताना सांगितलेलं होतं. आईला नव्हतं. मी तिला ते सांगितलंही नाही. आमच्या घरात वाईट बातमी ज्याच्याकडे येते त्याच्याकडेच राहते.

एकदा मी सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. फोटो त्यांच्या नंबरवर पाठवायचे आणि ते मोठ्या स्क्रीनवर उघडतात. त्या दिवशीचे पाच फोटो होते: आई, वरणभात, चार पायांची काठी, कमोडची खुर्ची आणि बाबांचा निळा शर्ट. आई त्या फोटोत गाऊनवर होती. दुकानदाराने एकेक उघडला. माझ्यामागे दोन माणसं उभी होती.

"ही खुर्ची पण काढायची?" त्याने विचारलं.

"हो."

"के.जी.चं प्रोजेक्ट आहे का? हल्ली शाळावाले काहीही मागतात."

"हो," मी म्हणाले.

घरी येईपर्यंत साडेपाच झाले होते. परत मी त्या दुकानात गेले नाही.

शेवटी नेटवाल्याला बोलावलं. ते सारसोळ्याचे, पन्नाशीचे गृहस्थ, आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या केबली त्यांनीच ओढलेल्या. त्यांनी राउटर बघितला, पॅसेजमधला डबा बघितला, माझ्या फोनवर त्यांचं ॲप उघडून दिलं.

"ताई, नेट तुमचा बरोबर हाय. पन ह्यो डबा मधीच बंद होतो, बघा."

तिथे यादी होती. डबा चार आठला गेला, चार एकोणीसला आला. आदल्या दिवशी चार बाराला गेला, चार वीसला आला. त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

"लाईट जातं काय रोज चारला?"

"नाही."

"मंग कोन बंद करतं?" त्यांनी पॅसेजमधल्या बोर्डाकडे बोट केलं. "डबा बंद झाला का तुमचा प्रिंटर रुसतो. डबा परत चालू केला तरी त्याला समजत नाय, त्याला उठवायला लागतं. तुमचा फोन डायरेक राउटरवर चालतो, म्हनून तुमाला कलत नाय."

आई बाबांच्या खोलीच्या दारात उभी होती. "चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

"नको काकी, अजून दोन घरं हायत," ते म्हणाले, पण ती गेलेली होती.

मला वाटलं, झालं, सापडलं. चार वाजता भांड्यांच्या मावशी येतात. पूर्वी एकदा त्यांचा चार्जर मी त्या बोर्डाजवळ बघितला होता. स्विच बंद करून, डबा काढून फोन लावत असणार आणि जाताना परत डबा लावत असणार. त्यात त्यांची काही चूक नव्हती, कोणाला माहीत असणार त्या डब्याचं? एका वाक्याचं काम होतं: मावशी, तो स्विच बंद करू नका. पण मला ते वाक्य बोलायचं नव्हतं. त्यांना वाटेल चार्जिंगवरून बोलतेय, मग त्या आईला सांगतील, मग आई मला विचारेल. मी तोंडासमोर काही सांगायची वेळ शक्यतो येऊ देत नाही. लहानपणापासून माझं असंच आहे, आणि मी त्याला मनात समजूतदारपणा म्हणत आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आधी मी ड्रॉवरमधून सेलोटेप काढली. पॅसेजमधल्या बोर्डावरचा तो स्विच चालू होता. त्यावर दोन पट्ट्या लावल्या, एक आडवी, एक उभी. बोट फिरवून कडा दाबल्या. फ्रीजवर बाबांनी लावलेली होती तशीच दिसत होती.

त्या दिवशी साडेचारला फोनवर प्रिंट दाबलं आणि मागच्या खोलीतून लगेच आवाज आला. मी उठून गेले तोपर्यंत कागद बाहेर पडत होता. मला किती बरं वाटलं ते सांगायला लाज वाटते. पाच कार्डं पावणेपाचलाच कापून तयार होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मी शब्दांचा फॉन्ट बदलला, कडेला चौकट टाकली, जाड कागद मागवला. एका पारदर्शक खोक्यात तारीखवार कार्डं लावायला सुरुवात केली. शनिवारी मॅडमनी ते खोकं बघून "व्वा" म्हटलं.

बाबा मात्र कार्डांकडे बघेनासे झाले. मी कप दाखवायचे, ते खिडकीकडे बघायचे. खाडीवरून येणाऱ्या गरम वाऱ्याने पडदा हलत असायचा. मी कार्ड पडदा आणि त्यांचे डोळे यांच्या मध्ये धरायचे. "कप. बाबा, क-प." ते डाव्या हाताने कार्ड बाजूला करायचे, जोरात नाही, ताटात नको असलेली भाजी सारावी तसं. मे महिना लागला होता, उकाडा होता, मला वाटलं त्यामुळे.

दर गुरुवारी फिजिओ सर यायचे. टेप लावल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांनी बाबांचा उजवा हात धरून वर उचलला, सोडला, परत उचलला. मी दारात उभी होते.

"काकू, हात खाली आला की हो परत," ते म्हणाले. "मागे खांद्याच्या वर जात होता, आपला आपण. मी म्हटलं काका आता शेकहँड करणार माझ्याशी. काय करत होतात तेव्हा? ते बंद केलंत का?"

"काही नाही," आई म्हणाली. "चालत होते पॅसेजमध्ये."

"मग चालवा ना."

"येत नाहीत आता उठून."

सर गेल्यावर स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत राहिला. आई नळ वाहता ठेवत नाही, ते या घरात होत नाही. मी आत गेले. ती सिंकसमोर उभी होती, हातात काहीच नव्हतं.

"तू ती टेप लावलीस ना," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"कुठली?"

"पॅसेजमधली."

"मावशी बंद करायच्या तो स्विच. प्रिंटर जायचा त्याने."

"मावशी कशाला बंद करतील? ते करायचे."

मला आधी कळलंच नाही.

"ते?"

"तुझे बाबा." तिने नळ बंद केला. "चारला झोपेतून उठवते ना मी त्यांना, चालायला. खोलीतून हॉलपर्यंत आणि परत. तू आत फोनवर बोलत असतेस. तर मधे तो बोर्ड येतो. काठी असते डाव्या हातात. मग उजवा हात वर न्यायचे. पहिल्या दिवशी अर्ध्यावर आला आणि पडला खाली. दुसऱ्या दिवशी बोर्डाला लागला. मग बोटांची मागची बाजू भिंतीला घासत घासत वर न्यायचे आणि स्विच बंद करायचे. रोज. सवय ना त्यांची, येताजाता बंद करायची. तेवढी राहिली होती."

"आणि परत चालू कोण करायचं?"

"मी. ते पलंगावर बसले की. दुसऱ्या दिवशी बंद करायला तो चालू पाहिजे ना."

मी ओट्याला टेकले. चार आठ आणि चार एकोणीस यांच्यामध्ये काय होतं, ते आता मला दिसत होतं. हॉलपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, अकरा मिनिटांत.

"मला सांगितलं का नाहीस?"

आईने पदराने नाक पुसलं. "अजून एक होतं," ती म्हणाली. "बंद करताना म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

"'बंद'. खट् झालं की म्हणायचे, 'बंद'. स्पष्ट. पहिल्यांदा मला भास वाटला. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले. चांगले आठ-नऊ दिवस म्हणत होते."

मी ओरडले. घरात मी कधी ओरडत नाही. "आई, रोज मी पाच पाच फोटो घेऊन बसते त्यांच्यापुढे! एक शब्द, एक शब्द यावा म्हणून! मॅडमना सांगायचं, मला सांगायचं. कोणालाही का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की जातं," ती म्हणाली.

तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं की माझा आवाज खाली आला. ती तशीच आहे. माझ्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी पहिला महिना पूर्ण करेपर्यंत तिने स्वतःच्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. ताप उतरला तरी 'उतरला' म्हणायचं नाही, 'बघू' म्हणायचं. चांगलं काही सुरू झालं की त्याच्याकडे बघायचंही नाही, त्याला कळू द्यायचं नाही की आपलं लक्ष आहे.

"दोन शब्द होईपर्यंत थांबणार होते," ती म्हणाली. "दोन झाले की सांगणार होते तुला."

"टेप दिसली तेव्हा तरी?"

"माझ्या आधी त्यांनाच दिसली. हात वर नेला, बोटाला टेप लागली. तिच्यावरून बोट फिरवलं त्यांनी. फ्रीजसारखी आहे हे कळलं ना त्यांना. तसेच वळले. हॉलपर्यंत पण गेले नाहीत. मला वाटलं काढावी. मग वाटलं, तू ऑफिसच्या कामासाठी लावली असशील. विचारलं की चिडतेस."

मी पॅसेजमध्ये जाऊन टेप ओढून काढली. उकाड्याने गोंद वितळला होता, स्विचवर चिकट फुली राहिली. नखाने खरवडली, मग खोबरेल तेल लावून पुसली. बाबा पलंगावरून बघत होते की नाही, माहीत नाही. मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कामात खोटं कारण सांगून उठले. आईने बाबांना उठवलं. त्यांना यायचं नव्हतं. ती त्यांना काखेत हात घालून पॅसेजपर्यंत घेऊन आली. मी बोर्डापासून जरा लांब, हॉलच्या तोंडाशी उभी होते. बाबा बोर्डासमोर आले आणि थांबले. त्यांनी स्विचकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, काढली टेप. करा बंद."

त्यांचा उजवा हात तसाच लोंबत होता.

"चालेल. करा ना. बंद करा."

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. कित्येक वर्षांत मी त्यांचा हात धरला नव्हता. हॉस्पिटलमध्येही ते सगळं आईच करायची. हात जड होता आणि गार. मी तो वर नेला, बोटं स्विचवर टेकवली. खालून जरा दाबलं. स्विच बंद झाला. डब्याचा हिरवा दिवा विझला.

"आता," बाबा म्हणाले. मला समजावण्याच्या सुरात. आणि वळायला लागले.

शनिवारी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. वहीत लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. आलेलं परत जातं. टेप नसती तरी गेलं असतं कदाचित." त्यांना हे मला बरं वाटावं म्हणून म्हणायचं होतं हे दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "त्या स्विचचं कार्ड करा."

मी फोटो काढला. खाली शब्द टाकला, बंद. फोनवर प्रिंट दाबलं. कागद एका दमात बाहेर आला, रंग एकदम स्वच्छ. मी तो कापला आणि बाबांसमोर धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं, इतर कुठल्याही कार्डापेक्षा जास्त वेळ. आई दारात उभी होती. मग बाबांनी डाव्या हाताने ते कार्ड माझ्याकडून घेतलं आणि पलंगावर पालथं ठेवलं.

याला आता सहा महिने झाले. मॅडम पंधरा दिवसांतून एकदा येतात. मी आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीला जाते, बाकी घरून. बाबा खुर्चीत बसतात, जेवतात, टीव्ही बघतात. 'आता'सुद्धा कमी म्हणतात.

मी बाबांच्या हाताने स्विच बंद केला तो एक दिवस सोडला, तर प्रिंटर टेप लावल्यापासून एकदाही ऑफलाइन गेला नव्हता. सप्टेंबरात परत जायला लागला. साडेचारला मी प्रिंट दाबते आणि फोन म्हणतो ऑफलाइन. पहिल्या दिवशी मी पळत पॅसेजमध्ये गेले, मग बाबांच्या खोलीत. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते, दुपारपासून उठलेले नसावेत. चादर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी चारला हेडफोन काढून दार जरासं उघडं ठेवलं. आई पॅसेजमधून आली. बोर्डासमोर थांबली. तिने स्विच बंद केला, खट्, मुद्दाम आवाज होईल असा. मग बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघत उभी राहिली. दहा-बारा मिनिटं उभी होती. मग स्विच चालू केला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावायला लागली.

मी दार लावून घेतलं. आता रोज साडेचारला स्टुलावर चढते, प्रिंटर बंद करते, थोडं थांबते, चालू करते. आईला मी काही विचारलेलं नाही.